रानवृक्षांची वंशावळ

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात डोंगरउतारांवर कॉफीचे मळे पसरलेले आहेत, आणि त्या मळ्यांच्या मधूनमधून जुन्या रानाचे लहानमोठे तुकडे अद्याप उभे आहेत. तेथील लोक त्यांना ‘देवरकाडू’ म्हणतात. देवाचे रान असा त्याचा अर्थ. आपल्याकडील देवराईचेच ते कानडी भावंड होय. जिल्ह्यात अशी हजाराहून अधिक राने नोंदली गेली आहेत. या रानांत बिळी देवदारी नावाचा एक उंच वृक्ष आढळतो. नावात देवदार असला तरी हिमालयातील देवदाराशी त्याचे काही नाते नाही. तो कडुनिंबाच्या कुळातील आहे, आणि वनस्पतिशास्त्रात त्याला डिसोक्सायलम मलबारिकम असे म्हणतात. लाकूड सुगंधी व मोलाचे, त्यामुळे त्याची तोड फार झाली, आणि आज तो संकटग्रस्त वृक्षांत गणला जातो.

अशा एखाद्या देवरकाडूत पावसाळ्यानंतर आपण गेलो आणि जमिनीवर वीतभर उंचीचे एक रोप दिसले, तर त्याविषयी एक साधा प्रश्न विचारता येईल: या रोपाचे आईबाप कोण? आई बहुधा जवळच उभी असावी, असे आपण म्हणू. परंतु फळ एखाद्या धनेशाने दूरच्या रानात खाल्ले असेल आणि बी येथे टाकले असेल, तर तेही खरे नव्हे. बाप कोण हे तर मुळीच सांगता येत नाही. पराग कोणत्या झाडावरून आला, शेजारच्या की दोन डोंगर पलीकडल्या कॉफीच्या मळ्यात एकट्या उरलेल्या झाडावरून, हे डोळ्यांना दिसत नाही. परागकण वाहून नेणाऱ्या किड्याच्या पाठोपाठ कोस दोन कोस धावणे कोणाही शास्त्रज्ञाला साधलेले नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. रान तुटून त्याचे तुकडे झाले म्हणजे त्यातील झाडे एकमेकांपासून दूर पडतात. तुकड्यात उरलेली चार-दोन झाडे परस्परांची भावंडे असतील आणि त्यांचाच परस्परांशी संकर होत राहील, तर संततीत दुर्बलता येण्याचा संभव असतो. उलट, दूरदूरच्या तुकड्यांत परागांची देवाणघेवाण चालू असेल तर रान दिसायला तुटलेले असले तरी वंशाच्या दृष्टीने अजून जोडलेले आहे. कोणते झाड राखावे, कोणत्या झाडाचे बी रोपवाटिकेसाठी घ्यावे, मळ्यात एकटे उभे असलेले म्हातारे झाड तोडू द्यावे की नाही, या सर्व व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे रोपाचा बाप ओळखता येण्यावर अवलंबून आहेत.

शेतातील पिकांच्या बाबतीत हे काम त्या मानाने सोपे असते. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले तेव्हा कोणत्या फुलाचा पराग कोणत्या फुलावर घातला हे त्याला ठाऊक होते, आणि एका हंगामात एक पिढी पुरी होत होती. रानातील वृक्षाला पहिले फूल यावयासच कित्येक वर्षे लागतात. त्याची वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नसते, आणि प्रयोग करणाऱ्याचे आयुष्य झाडाच्या आयुष्यापुढे थोडके पडते. म्हणून झाडाच्या अंगातच कोठे त्याच्या वंशाची खूण सापडते काय, याचा शोध घ्यावा लागला.

पहिल्या खुणा सापडल्या त्या एंझाइमांत. पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी ही प्रथिने काही वेळा किंचित वेगवेगळ्या रूपांत असतात. १९५५ मध्ये स्मिदीझ यांनी पिष्टाच्या लगद्यातून विजेच्या साह्याने प्रथिने वेगळी करण्याची रीत दाखविली, आणि १९५७ मध्ये हंटर व मार्कर्ट यांनी त्या लगद्यावर एंझाइमांचे पट्टे रंगवून डोळ्यांना दिसतील असे केले. पुढे अनेक वर्षे जगभरातील वनशास्त्रज्ञांनी याच पट्ट्यांवर काम केले. परंतु तपासता येतील अशी एंझाइमे थोडी, आणि प्रत्येकाची रूपे दोन-तीनच. एवढ्या भांडवलावर ‘या रानातील झाडे त्या रानातील झाडांहून वेगळी आहेत’ असे सांगता येई. ‘या रोपाचा बाप ते झाड’ असे बोट दाखवून सांगणे क्वचितच शक्य होई.

खरी खूण मिळाली ती डीएनएच्या धाग्यात. हा धागा चार प्रकारच्या घटकांच्या लांबच लांब ओळींनी बनलेला असतो. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन ही त्यांची नावे, आणि सोयीसाठी आपण त्यांना चार अक्षरे समजू. या ओळीत मधूनच असे ठिकाण येते की तेथे दोन-तीन अक्षरांचा एकच गट पुनःपुन्हा येत राहतो: गअ गअ गअ गअ, कधी दहा वेळा, कधी वीस वेळा. अशा ठिकाणाला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात; आपण त्याला पुनरुक्तखंड म्हणू. जपमाळ ओढताना एखाद्या वेळी मणी निसटावा किंवा एक मणी दोनदा ओढला जावा, तसे पेशी विभागताना धाग्याची नक्कल होते तेव्हा या खंडांत घडते. एखादी आवृत्ती कमी होते किंवा एक वाढते. एकदा अशी चूक झाली की ती पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. त्यामुळे एकाच जातीच्या निरनिराळ्या झाडांत त्याच ठिकाणी आवृत्त्यांची संख्या निरनिराळी आढळते.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे पाठभेदांची रास होती. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे आजचा संशोधक ठरवितो ते लेखकाच्या शुद्ध अक्षरावरून नव्हे, तर त्याच्या चुकांवरून. दोन पोथ्यांत एकच वेगळी चूक आढळली तर त्यांचे मूळ एक असावे, असा तर्क करता येतो. झाडाच्या वंशाचा शोधही अशा नक्कलचुकांवरच चालतो. मात्र पोथीला एकच मूळ असू शकते, तर रोपाला सामान्यतः दोन असतात, आणि म्हणून येथील हिशोब थोडा अधिक गमतीचा आहे.

तो हिशोब असा. झाडात प्रत्येक खंडाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून. समजा, एका ठिकाणी आईच्या दोन प्रतींची लांबी ११२ व ११८ अक्षरे आहे, आणि तिच्या बियांपासून उगवलेल्या रोपाच्या प्रती ११८ व १२६ आहेत. ११८ ही आईची देणगी होय. तेव्हा १२६ बापाकडूनच आली पाहिजे. आता रानातील ज्या झाडांत १२६ नाही ती सर्व झाडे संशयितांच्या यादीतून गळतात. तरी दहा-वीस झाडे उरतील. मग दुसरा खंड घ्यावा, तिसरा घ्यावा. प्रत्येक वेळी यादी आखूड होत जाते. एका खंडाची दहा रूपे असली तर दोन-दोन प्रतींच्या जोड्या ५५ होतात. असे अकरा खंड घेतले तर शक्य असलेल्या संयोगांची संख्या १ वर १९ शून्ये एवढ्या आकड्याहूनही मोठी होते. प्रत्यक्षात सर्व रूपे सारख्या प्रमाणात नसतात, त्यामुळे खरी शक्ती याहून कमी असते. तथापि काही शे झाडांतून एकास ओळखण्यास ती सहसा पुरते.

हे तत्त्व १९८९ च्या सुमारास पुढे आले, कारण त्याआधी असा एखादाच खंड उचलून पाहण्याचे साधन नव्हते. ते साधन मलिस यांनी १९८३ मध्ये योजिले आणि त्याबद्दल त्यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खंडाच्या दोन्ही बाजूंची सुमारे वीस-वीस अक्षरे ठाऊक असली, तर त्यांना चिकटणारे दोन लहान कृत्रिम तुकडे तयार करता येतात. यांना प्राइमर म्हणतात. हे तुकडे आणि उष्णता सहन करणारे एक एंझाइम यांच्या साह्याने, मिश्रण आलटून पालटून तापवून व निववून, मधल्या खंडाच्या कोट्यवधी प्रती दोन-तीन तासांत करता येतात. मग त्यांची लांबी मोजणे राहते, आणि ते काम आता यंत्र करते.

येथवर सर्व सुलभ वाटेल. परंतु अडचण अशी की ती बाजूची वीस अक्षरे कोणती, हे कोणी सांगितलेले नसते. प्रत्येक जातीचा धागा वेगळा. आंब्यासाठी केलेले प्राइमर फणसाला चालत नाहीत. म्हणून रानातील ज्या वृक्षावर पूर्वी कोणी काम केलेले नाही त्याच्यासाठी खुणांचा संच मुळापासून तयार करावा लागतो, आणि या कामाचे कष्ट प्रसिद्ध झालेल्या निबंधांत क्वचितच उमटतात.

पहिला कष्ट पानाचा. उंच वृक्षाची पाने हाताला लागत नाहीत. कोठे गलोलीने फांदी पाडतात, कोठे झाडावर चढणारा माणूस लावतात, आणि काहीच साधले नाही तर खोडाच्या सालीखालील जिवंत थराचा एक लहानसा तुकडा काढून घेतात. पान ओले राहिले तर कुजते व धागा तुटतो. म्हणून ते सिलिका जेलच्या खड्यांत घालून जागच्या जागी वाळवितात. पुढे प्रयोगशाळेत आणखी विघ्न येते. उष्ण कटिबंधातील झाडांची पाने डिंक व टॅनिन यांनी भरलेली असतात. पान वाटले की लगदा तपकिरी होतो, आणि त्यातून निघालेल्या डीएनएवर ते एंझाइम कामच करीत नाही. यावर सीटॅब नावाच्या साबणजातीय द्रव्याचा उपाय आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी लागू पडतो. परंतु प्रत्येक जातीगणिक मात्रा थोडी बदलावी लागते.

त्यानंतर धाग्याचे लहान तुकडे करून त्यांतून पुनरुक्ती असलेले तेवढेच वेचावयाचे असतात. यासाठी योजिलेली युक्ती मोठी सुंदर आहे. ‘गअ गअ’ या ओळीला चिकटेल अशी पूरक ओळ कृत्रिम रीतीने तयार करून तिच्या टोकाला बायोटिन नावाचे जीवनसत्त्व जोडतात. ते मिश्रणात सोडले की हव्या त्या तुकड्यांना जाऊन बिलगते. बायोटिनला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा लेप दिलेले चुंबकीय मणी मग त्यात टाकतात आणि नळीच्या बाजूला लोहचुंबक धरतात. मणी बाजूला ओढले जातात, त्यांच्याबरोबर हवे ते तुकडेही येतात, आणि बाकीचे ओतून देता येते. वेचलेले तुकडे जिवाणूंत घालून वाढवावयाचे, एकेकाची अक्षरे वाचावयाची, आणि ज्यांच्या दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळी ओळ आहे त्यांच्यासाठी प्राइमर तयार करावयाचे, असा पुढील क्रम असे.

एवढे होऊनही हाती येणारे सर्व खंड उपयोगी नसतात. काहींच्या प्रतीच निघत नाहीत. काही सर्व झाडांत एकाच लांबीचे निघतात, आणि सर्वांत सारखी असलेली खूण ती खूणच नव्हे. काहींत तर नक्कल करणारे एंझाइमच जप चुकते. एका पट्ट्याच्या जागी जिन्याच्या पायऱ्यांसारखे चार पट्टे दिसतात, आणि खरा कोणता हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे असते. शेकडो तुकड्यांपासून आरंभ करावा आणि शेवटी दहा-पंधरा खुणा पदरात पडाव्यात, हा या कामातील नित्याचा अनुभव आहे.

सर्वांत फसवी खूण निराळीच. प्राइमर जेथे चिकटावयाचा तेथीलच एखादे अक्षर काही झाडांत बदललेले असले तर त्या प्रतीची नक्कल होत नाही. ती प्रत झाडात असते पण दिसत नाही. मग दोन भिन्न प्रती असलेले झाड एकाच प्रकारच्या प्रतींचे भासते. बापाने रोपाला नेमकी तीच अदृश्य प्रत दिली असेल, तर खरा बाप निरपराध ठरून यादीतून सुटतो! हा दोष ओळखण्यासाठी जुने गणित कामी येते. इंग्रज गणिती हार्डी व जर्मन वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले की संकर यदृच्छेने होत असेल तर समप्रती व विषमप्रती झाडांचे प्रमाण ठरावीक असले पाहिजे. समप्रती झाडे त्याहून फार अधिक आढळली तर दोन कारणे संभवतात: एक तर खूण सदोष आहे, अथवा त्या रानात नातलगांतच संकर चालला आहे. पहिला आपला दोष आणि दुसरा रानाचा रोग. दोहोंतील भेद असा की नातलगांतील संकराचा परिणाम सर्व खुणांवर सारखा दिसतो, तर अदृश्य प्रत आपल्या एका खुणेपुरतीच गोंधळ घालते. ही परीक्षा न करता काढलेले निष्कर्ष कितीही आकर्षक असले तरी त्यांवर विसंबू नये.

बिळी देवदारीसाठी असा संच भारतीय व स्वीडिश संशोधकांनी मिळून सिद्ध केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच प्रजातीतील आणखी एका वृक्षावर त्या खुणा चालतात काय, हेही त्यांनी पाहिले. त्यानंतर कोडगूतील २१६ चौरस किलोमीटर क्षेत्रातील वृक्ष अकरा खुणांनी तपासण्यात आले, आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये बाहेर आले.

ते निष्कर्ष अपेक्षेहून वेगळे होते. मोकळ्यावर एकट्या पडलेल्या झाडाला काही वनशास्त्रज्ञांनी ‘जिवंत मृत’ असे नाव दिले आहे. ते उभे आहे, परंतु वंशाच्या दृष्टीने संपलेले आहे, असा त्याचा आशय. कोडगूत असे दिसले की एकट्या झाडांकडे निरनिराळ्या बापांचा पराग अनेकदा पाच किलोमीटरांहूनही दुरून येतो. ती मृत तर नव्हेतच, उलट त्यांची संतती चांगली मिश्र असते. चिंतेची गोष्ट अन्यत्र आढळली. जेथे रानाच्या तुकड्यात थोडीच झाडे विरळपणे उरली आहेत तेथे जवळच्याच झाडांशी होणारा संकर वाढतो, आणि जवळचे झाड बहुधा नातलगच असते. शिवाय जुन्या वृक्षांपेक्षा कोवळ्या पिढीत जवळजवळच्या झाडांचे नाते अधिक दाट आढळले. जुने वृक्ष रान अखंड असताना रुजलेले. त्यांच्या खुणांत त्या काळचे रान वाचता येते, आणि रोपांच्या खुणांत आजचे.

पराग एवढा दूर जातो, मग बी? फळे खाणारे धनेशासारखे पक्षी मैलोगणती उडतात, तेव्हा बीही दूर जात असावे, असे कोणीही म्हणेल. त्याच क्षेत्रातील सर्व मोठी झाडे व ४८८ रोपे दहा खुणांनी तपासून २०१७ मध्ये जो निबंध प्रसिद्ध झाला त्याने हा समज खोटा ठरविला. बहुतेक रोपे आईपासून २०० मीटरांच्या आतच रुजलेली होती. पक्ष्याचे उडणे आणि बी रुजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या तुकड्यातून हा वृक्ष एकदा तोडला गेला तेथे तो आपण होऊन परत येईल, अशी आशा यामुळे फारशी उरत नाही. परागाने वंश जोडलेला राहतो, परंतु रिकामी जागा भरून निघत नाही.

पराग किती दूर जाऊ शकतो याचे सर्वांत आश्चर्यकारक उदाहरण आफ्रिकेतील आहे. आपण उंबर फोडले की आत केंबरे निघतात; त्या जातीच्या इवल्या गांधीलमाश्यांवाचून उंबराला बी धरत नाही. नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीच्या काठाने उंबराचाच एक आफ्रिकी भाऊबंद विरळ वाढतो. त्याची माशी दीड मिलिमीटर लांबीची, आणि तिचे आयुष्य दोन दिवसांहून कमी. खुणांवरून बापांचा शोध घेतला तेव्हा ही माशी वाऱ्यावर बसून सुमारे १६० किलोमीटरांवरचा पराग आणते असे २००९ मध्ये सिद्ध झाले. असे काही असेल हे केवळ निरीक्षणाने कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

याउलट कधीकधी खुणा काहीच बोलत नाहीत, आणि ते न बोलणेही अर्थपूर्ण असते. ऑस्ट्रेलियात सिडनीपासून फार दूर नसलेल्या दऱ्यांत १९९४ मध्ये वोलेमी पाइन हा प्राचीन वंशाचा वृक्ष सापडला. रानातील त्याची प्रौढ झाडे शंभराहूनही कमी. शेकडो ठिकाणी तपासूनही २००३ च्या निबंधात दोन झाडांत फरक म्हणून आढळला नाही. प्रथम वाटले की पद्धतीतच काही चुकते आहे. परंतु त्याच पद्धतीने त्याच्या नातलग वृक्षांत भिन्नता सहज दिसत होती. म्हणजे जातीतच वैविध्य नाममात्र उरले आहे. एखादा नवा रोग आला तर त्याला तोंड देणारे वेगळे झाड त्या रानात असण्याचा संभव फार थोडा, हे ध्यानात घेऊन तेथे माणसांच्या वावरावर कडक निर्बंध ठेवले आहेत.

आता मणी आणि जिवाणू यांची खटपट पुष्कळशी मागे पडली आहे. धाग्याची अक्षरे एकदम लाखोंच्या संख्येने वाचणारी यंत्रे आली, आणि त्यांतून पुनरुक्तखंड हुडकण्याचे काम संगणक काही तासांत करतो. कोइंबतूर येथील वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सागाच्या धाग्याची तीस कोटींहून अधिक अक्षरे वाचून प्रसिद्ध केली, आणि त्यांतून पुनरुक्तखंडांचाही शोध घेतला. पुनरुक्तखंडांऐवजी एकेका अक्षराचा बदल हीच खूण मानण्याकडेही कल वाढला आहे. अशा बदलाची बहुधा दोनच रूपे असतात, त्यामुळे एकेकटा तो दुबळा. परंतु ते हजारोंनी मिळतात आणि वाचण्यात जिन्याच्या पायऱ्यांचा घोळ नसतो. असे असले तरी पान गोळा करावयास झाडापाशी जावेच लागते, आणि कोणते झाड कोठे उभे आहे याचा नकाशा पायी हिंडूनच करावा लागतो. रानातील एक झाड मोजावयाचे राहिले तर त्याची मुले ‘बाप अज्ञात’ या सदरात पडतात, आणि पराग बाहेरून आला असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कोडगूतील निष्कर्षांवरून रोपवाटिकेपुरते जे निघते ते असे. बी एकाच विरळ तुकड्यातून न घेता अनेक रानांतील अनेक मातृवृक्षांखालून घ्यावे. मळ्यातील एकटे झाड बी देत असेल तर तेही टाकू नये, कारण त्याच्या बियांत दुरून आलेले अनेक बाप असतात. आणि ज्या तुकड्यात हा वृक्ष उरलेला नाही तेथे पक्ष्यांची वाट न पाहता रोपे हातानेच लावावी.